पक्षाघातानंतर भाजीची बाग पुन्हा लावताय? या चुका टाळा

माझ्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला तीन वर्षं झाली. नेरूळला आमच्या सिडकोच्या रो-हाउसमागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे मिरची, वांगी, दुधीचा मांडव, कडेला अळू असं सगळं होतं. मी अंथरुणावर असताना ते वाळून गेलं. ती बाग मी पुन्हा उभी केली. आता ओळखीत कुणाला पक्षाघात झाला की घरचे विचारायला येतात, आणि बहुतेक जण त्याच त्या चुका करून झाल्यावर येतात.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे सगळं काम चांगल्या हाताने उरकणं. उजव्या हाताने खुरपं भराभर चालतं, रोप पटकन लागतं. घरचे म्हणतात, जमतंय ना, मग झालं. पण दुबळा हात महिनोन्महिने मांडीवर पडून राहिला की मेंदू त्याला काम सांगायचंच सोडून देतो. मग ताकद थोडीफार परत आली तरी हात वापरात येत नाही. तीच हालचाल शेकडो वेळा केल्याशिवाय मेंदूत नवी वाट पडत नाही. अमुक दिवसांत हात पूर्ववत, असं सांगणाऱ्या व्हिडिओंवर माझा राग आहे तो यासाठी. माणूस तेवढे दिवस मोजतो आणि सोडून देतो. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, हे खरं. त्यानंतर काहीच होत नाही, हे खोटं.

माझी सवय अशी की बी फक्त डाव्या हातानेच टोचायचं. सुरुवात दुधी-भोपळ्याच्या बियांनी केली, कारण त्या चिमटीत धरता येतात. मग वाल, मग चवळी, मग मेथीदाणा. पहिल्या दिवशी सहा बिया लावायला पाऊण तास लागला. माठाचं बी मोहरीहूनही बारीक. तिथवर पोचायला मला चौदा महिने लागले. खुरप्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून घेतली, कारण बारीक दांडा मुठीत टिकत नाही. हाताला अजिबात हालचाल नसेल तर तो निदान कुंडीच्या काठावर ठेवा, नजरेसमोर राहू द्या, आणि पुढे काय करायचं ते फिजिओथेरपिस्टला विचारा.

दुसरी चूक कुणाच्या ध्यानातच येत नाही. दुसऱ्या हंगामात, दिवाळीनंतर, मी बारा कुंड्यांची रांग मांडली होती. रोज सकाळी पाणी घालायचो. आठवड्याभरात डावीकडच्या चार कुंड्यांतल्या वांग्यांनी माना टाकल्या. मला वाटलं मूळकूज. माती उकरली, निंबोळी पेंड घातली, नर्सरीवाल्याला जाऊन चार शब्द सुनावले. एके सकाळी ही मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, या चार कुंड्यांना तुम्ही पाणी घातलंच नाहीत." मी म्हणालो, घातलं. मला खरोखरच तसं वाटत होतं. तेव्हा तिला आठवलं, दोन महिने माझ्या ताटात डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहत होती. तिला वाटायचं, आजारपणात माझी चव गेली.

आमच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने ऐकताक्षणी ओळखलं. "काका, तुमचे डोळे ठीक आहेत. मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाहीये." मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की पुष्कळांना हे होतं, आणि ज्याला होतं त्याला कळत नाही. म्हणून घरच्यांनी ताटाकडे बघा, दाढी एका बाजूची राहते का बघा. हे सुधारेपर्यंत रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नका. मी रांगेच्या डाव्या टोकाला लाल माठाची कुंडी ठेवली. लाल पानं दिसेपर्यंत मान वळवायची आणि पाणी तिथूनच सुरू करायचं. आजही ती कुंडी जागची हलवलेली नाही.

उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी बधिर हातावर घेऊ नका. मे महिन्यात ते चांगलंच चटके देतं आणि हाताला कळत नाही. माझ्या बोटांवर आलेले फोड मला संध्याकाळी दिसले. पाणी आधी चांगल्या हातावर घ्या.

रुग्णाला लुळ्या हाताला धरून ओढून उठवू नका. खांदा निखळतो.

ओल्या मातीने भरलेली बारा इंची ग्रो-बॅग वीस किलोंच्या वर जाते. ती ज्या जागी ठेवायची तिथेच भरा, कमरेएवढ्या टेबलावर, आणि काम खुर्चीत बसून करा. वाकून झटकन उठलं की रक्तदाब उतरून चक्कर येते.

जूनपासून आपल्याकडे फरशीवर शेवाळ धरतं. पावसाळ्यात मी छज्ज्याच्या बाहेर पाऊल टाकत नाही. त्या दिवसांत पाणी घालावं लागत नाही, मग जायचं कशाला? पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवी.

बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारे मला दर वर्षी भेटतात. त्यांच्यापुढे हात जोडतो.

रक्त पातळ करणारी गोळी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम असेल तर आणखी एक गोष्ट. स्वतःची मेथी-पालक हाताशी आली की आनंदाने रोज भाजी होते. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळ्यांचा असर कमी करतं. पालेभाजी सोडायची गरज नाही, पण दर आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. या गोळ्यांवर असताना कात्री-विळीचं काम दुसऱ्याला द्या.

आणि सगळी बाग एकदम उभी करायची घाई नको. पक्षाघातानंतरचा थकवा झोपेने जातोच असं नाही. मी पहिल्या हंगामात तीनच कुंड्या लावल्या, रोज वीस मिनिटं काम, दमायच्या आधी आत. मुलगा हौसेने चाळीस कुंड्या घेऊन आला होता. त्यातल्या सदतीस मी परत पाठवल्या, तो रुसला तरी.

बागेत काम करताना तोंड वाकडं झालं, हात-पाय अचानक गळला किंवा बोलणं अडखळलं, तर "जरा पडतो, बरं वाटेल" म्हणू नका. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही स्कॅन झाल्यावर. लगेच १०८ला फोन करा आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.