इंग्लंडच्या शाळेत हेड ऑफ इयर होताय? जुलैतच हे करून ठेवा

तिकडे शिकवणाऱ्या आपल्या मराठी टीचर मंडळींसाठी, ज्यांना सप्टेंबरपासून हेड ऑफ इयरची, म्हणजे एका इयत्तेतल्या सगळ्या मुलांकडे लक्ष द्यायची जबाबदारी मिळालीये. समर हॉलिडे लागायच्या आधीच आत्ताच्या हेड ऑफ इयरसोबत बसा आणि हजेरीचा रिपोर्ट उघडा. 10% किंवा जास्त सेशन (एक सेशन म्हणजे शाळेचा अर्धा दिवस) चुकले की मूल पर्सिस्टंट ॲबसेन्ट, म्हणजे सतत गैरहजर धरतात, म्हणजे 190 दिवसांच्या वर्षात 19 दिवस, पण त्या प्रत्येक नावामागे काय चाललंय ते विचारून घ्या, कोणाची आई आजारी आहे, कोण धाकट्या भावाला शाळेत सोडून येतं, हे रिपोर्टमधे दिसत नाही. सेफगार्डिंग लीड, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली व्यक्ती कोण, ते नसतील तर डेप्युटी कोण, हे तोंडपाठच हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूल म्हणालं "मिस, प्लीज कोणाला सांगू नका" तर हो म्हणायचं नाही! "जे मदत करू शकतात त्यांना सांगावं लागेल रे" असं प्रेमाने सांगा, खोदून खोदून विचारू नका, लगेच लीडला कळवा आणि मुलाचेच शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून काढा.

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नको, ज्यांचं शाळेशी आधी वाजलंय त्यांना तर सप्टेंबरमधेच मुलाचं काहीतरी चांगलं सांगायला फोन करा.