सामाईक भिंत आणि होम थिएटर: या चुका टाळा

घोडबंदर रोडवर किंवा खारघरला नव्या फ्लॅटमध्ये होम थिएटर करायचं ठरलं, की पहिली खरेदी बहुधा फोमच्या पॅनलची होते. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, संवाद स्वच्छ ऐकू येतात. पण भिंतीपलीकडे शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज तो अडवत नाही. काही जण भिंतीला अंड्यांचे ट्रे लावतात, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. आवाज अडवायला वजन लागतं, हवाबंद काम लागतं आणि नवा थर जुन्या भिंतीपासून सुटा असावा लागतो.

म्हणून आधी भिंत कशाची आहे ते सोसायटीच्या ऑफिसात किंवा बिल्डरच्या माणसाला विचारा. एएसी ब्लॉकचं, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांच्या हलक्या काँक्रीट ब्लॉकचं, वजन घनमीटरला साधारण 550 ते 650 किलो, विटेचं त्याच्या जवळपास तिप्पट. ब्लॉकच्या भिंतीतून आवाज जास्त जातो तो त्यामुळेच. मिवानची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली, काँक्रीट भिंत चांगली जड असते, पण ती इमारतीचा भार पेलते. वायरिंगसाठी तिच्यात खाचा पाडू देऊ नका.

दुसरी चूक म्हणजे जिप्सम बोर्ड थेट भिंतीला चिकटवणं. चार इंची विटांची भिंत प्लॅस्टरसकट चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भरते. त्यात 12.5 मिमीच्या एका बोर्डाने आठ-दहा किलोंची भर पडली, तर कानाला फरक कळत नाही. वजन दुप्पट केलं तरी कुठे पाच-सहा डेसिबल मिळतात. त्यात मसाल्याचे गोळे लावून मागे सेंटीमीटरभर पोकळी ठेवली, तर बोर्ड त्या हवेवर थरथरतो आणि काही खालचे स्वर उलट जास्त पलीकडे जातात.

नीट काम असं: भिंतीपासून इंचभर सुटी, फक्त जमिनीला आणि स्लॅबला धरलेली मेटल फ्रेम. तिच्या चॅनलखाली रबराची पट्टी, आत 50 मिमी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), वर सांधे चुकवून दोन बोर्ड आणि चारही कडांना कायम मऊ राहणारं सीलंट. चार इंच जागा जाते, ती द्या. काम चालू असताना मात्र समोर उभे राहा. फ्रेम हलते म्हणून कारागीर मधेच एखादा लांब स्क्रू मागच्या भिंतीत मारतो, आणि तेवढ्याने कंपनाला पूल मिळतो.

स्विचबोर्डाकडे तर कुणाचं लक्षच नसतं. बऱ्याच इमारतींत दोन्ही घरांचे बोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. मेन स्विच बंद करून प्लेट काढा आणि टॉर्च मारा. डब्यामागे वीट नसते, नुसतं प्लॅस्टरचं पापुद्र्याएवढं कवच असतं, कधी तेही फुटलेलं. दहा बाय बारा फुटांच्या भिंतीत चार बाय चार इंचांचं उघडं भोक राहिलं, तर बाकी भिंत कितीही भक्कम असो, एकूण अडवणूक 30 डेसिबलच्या आसपास थांबते. इलेक्ट्रिशियनकडून तो बोर्ड दुसऱ्या भिंतीवर हलवून घ्या आणि भोक मसाल्याने गच्च भरा.

पलीकडे शेजाऱ्यांचं बाथरूम असेल, तर फ्रेम ठोकण्याआधी ओल तपासा. आपल्याकडच्या पावसात बंद पोकळीतली ओल बाहेरून दिसत नाही आणि भिजलेलं वूल नंतर बदलायचं तर सगळं उघडावं लागतं.

काम होऊनही तक्रार आली तर वाद घालू नका, शेजाऱ्यांच्या खोलीत जाऊन उभे राहा. घरी कुणाला तरी नेहमीच्या आवाजात सिनेमा लावायला सांगा. शब्द कळत असतील तर कुठेतरी फट आहे: कडा, एसीच्या पाइपचं भोक, दाराखालची जागा, खिडकी. नुसती धडधड येत असेल तर भिंतीला दोष देऊ नका. 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते; ती स्लॅब आणि बीममधून फिरून येते, त्यामुळे एका भिंतीवर आणखी बोर्ड चढवून हाती काही लागत नाही. सबवूफर (बासचा स्पीकर) सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यातून हलवा, जाड रबरी पायांवर ठेवा आणि त्याची पातळी उतरवा. एवढं करूनही बास पूर्ण थांबत नाही. निवासी भागात रात्री 10 नंतरची मर्यादा 45 डेसिबल आहे, तेव्हा रिसीव्हरवर नाइट मोड (मोठे आवाज दाबणारी सोय) असेल तर दहानंतर तो लावाच.