गेममधली शिकार: पोरांच्या हातात कंट्रोलर द्यायच्या आधी

बेळगावच्या शहापुरात माझं छोटं गेमिंग सेंटर आहे. सुट्टी लागली की शहरातली येतातच, शिवाय मामाकडं आलेली खानापूर, जांबोटीकडची पोरंही येतात आणि सगळ्यात जास्त मागणी शिकारीच्या गेमना. मग कुणाची तरी आई दारात उभी राहून विचारते, "भाऊ, हे वाघ मारायचं असलं खेळू द्यायचं काय?" द्या की. फक्त गेम कसा पारखायचा ते आधी बघा.

कायद्याचं आधी मिटवू. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा जित्या जनावराला आणि त्याच्या कातडी-शिंग-नखांना लागतो, स्क्रीनवरच्या चित्राला नाही. खरं काळवीट मारलं तर मात्र किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आणि वर किमान 25 हजार दंड. नुसतं नख गळ्यात घातलं तरी अडचण आहे. 2023 च्या ऑक्टोबरात कन्नड बिग बॉसच्या घरातूनच एका स्पर्धकाला वाघनखाच्या लॉकेटपायी फॉरेस्टवाल्यांनी नेलं, हे आपल्याकडच्या बहुतेक पोरांना ठाऊक आहे. तेवढं एकदा सांगा आणि थांबा. रोज सांगितलं की पोरं हेडफोन चढवतात.

आता पारख. जनावर मेल्यावर गेम हातात काय देतो ते बघायचं. रक्त किती उडतं ते नंतर.

'फार क्राय 4' घ्या, 2014 चा. हिमालयातला एक काल्पनिक देश, त्यात वाघ, हिमबिबट्या, गेंडा सगळं मारता येतं. कातडी आणल्याशिवाय पैशाचं पाकीट मोठं होत नाही, गोळ्यांची पिशवी मोठी होत नाही. त्यामुळं अर्ध्या तासात पोराला झुडपात वाघ दिसला की तोंडातून निघतं, "पाकीट आलं बघ!" जनावर गेलं, माल राहिला. मला खुपतं ते एवढंच.

त्याच्या शेजारी 'माइनक्राफ्ट' ठेवून बघा. तिथं कासव मारलं तर थोडं समुद्रगवत पडतं, बाकी काही नाही. कवचाची टोपी हवी असेल तर दोन कासवांना समुद्रगवत खायला घालायचं, मादी किनाऱ्यावर अंडी घालते ती राखायची (झोंबी येऊन तुडवतात, म्हणून भोवती कुंपण), पिल्लं निघाली की ती मोठी होईपर्यंत थांबायचं. पिल्लू मोठं होताना कवचाचा एक तुकडा टाकतं. असे 5 तुकडे जमले की टोपी. सातवीतलं पोरगं कासवाच्या अंड्यांवर पहारा देत बसलेलं मी बघितलंय, आणि शेजारचा चुकून जवळ आला तर त्याच्यावर खेकसतं!

दुसरं बघायचं ते मेलेलं परत येतं का. बहुतेक गेममध्ये हरणं संपतच नाहीत, जरा पुढं जाऊन मागं वळलं की कळप हजर. 'रेड डेड रिडेम्प्शन 2' ची गोष्ट 1899 मधल्या अमेरिकेतली. त्यात कॅरोलिना पोपट ठरावीकच आहेत, मारून संपवले की संपले. खऱ्या जगात या जातीचा पिंजऱ्यातला शेवटचा पोपट 1918 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. हे गेम सुरू करायच्या आधी सांगू नका. पोराला रान रिकामं दिसू दे, मग सांगा.

'द हंटर: कॉल ऑफ द वाइल्ड' मध्ये नेपाळच्या धर्तीवरचं सुंदरपाटण नावाचं रान आहे. काळवीट, वाघ, हिमबिबट्या तिथं मारायला मिळतात. हा गेम चुकीची गोळी आणि जास्तीचे बार याबद्दल गुण कापतो, म्हणून आंधळा गोळीबार आपोआप थांबतो. आमच्या सेंटरचा वरचा नियम असा: आधी दुर्बीण, मग जनावराचं नाव मोठ्यानं, आणि ते आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातलं (सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या जनावरांच्या यादीतलं) असेल तर बंदुकीऐवजी फोटो. फोटोवाल्याला पंधरा मिनिटं फुकट. धंद्याला थोडी खोट येते, पण पोरं काळवीट आणि चितळ वेगळं ओळखायला लागली.

जांबोटीकडच्या पोराचा सवाल मात्र वेगळा असतो. "मामा, गवं आमचं भात तुडवून जातात. गेममध्ये एक मारला तर काय बिघडलं?" त्याला भूतदयेचं प्रवचन देऊ नका, नुकसान त्याच्या घरचं झालंय. मी म्हणतो, गेममध्ये मार बाबा, काही बिघडत नाही. पण भाताच्या भरपाईचा अर्ज बापानं फॉरेस्टात दिला काय ते घरी जाऊन विचार, आणि तुडवलेल्या वाफ्याचे फोटो काढून ठेव.

स्क्रीनच्या बाहेर मात्र मी कडक. 2022 च्या ऑगस्टात बेळगावच्या गोल्फ कोर्सात बिबट्या शिरला, आसपासच्या शाळा बंद पडल्या, शोधायला हत्ती आणले. असल्या वेळी गेममधल्या बिबट्याला गोळी घालतानाची क्लिप 'आज गोल्फ कोर्सवर' म्हणून स्टेटसला टाकणाऱ्याला आमच्याकडं आठवडाभर खुर्ची नाही.

आणि वय बघा. 'फार क्राय 4' आणि 'रेड डेड' दोन्हींच्या डब्यावर मोठ्यांचाच शिक्का आहे. बारा वर्षांचा कितीही रडला तरी त्याला माइनक्राफ्टच लावून द्या.