ई-एमटीबीची (इलेक्ट्रिक माउंटन बाइकची) चेन लवकर का जाते आणि काय करायचं

मिड-ड्राइव्ह, म्हणजे पॅडलपाशी बसवलेली मोटर असली की तिचा सगळा जोर चेनमधूनच जातो, बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्ससारख्या मोटरला ८५ न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर), त्यात तुमच्या पायांचा जोर वेगळा, मग चेन साध्या सायकलपेक्षा लवकर झिजणारच ना.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिअर टाकायची सवय. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा, आणि बदलताना क्षणभर पायाचा जोर कमी करायचा, पॅडल फिरवत राहायचं पण दाबायचं नाही. खाडकन आवाज आला म्हणजे चेनवर जोर असतानाच गिअर बदलला गेला. आणि टर्बो (मोटरचा सगळ्यात जोरदार मोड) लावून मागच्या चाकाच्या सगळ्यात छोट्या दातेरी चकतीवर चढ चढणारे लोक बघितले की खरंच वाईट वाटतं, जोर मोजक्या दातांवर येतो आणि ते शार्कच्या दातांसारखे टोकदार होतात. मधल्या-मोठ्या चकत्या वापरा, कॅडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) ७०-८० ठेवा, मोटरलाही तेच बरं.

चेन किती झिजून लांबली ते मोजणारा चेन चेकर घ्याच, महाग नसतो. ११-१२ स्पीडला (मागे ११-१२ गिअर असतील तर) ०.५ टक्के दाखवलं की चेन बदला, कंटाळा केलात तर कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) घेऊन जाते, आणि खरा खर्च तिथे.

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या लाल चिखलातून आलात तर त्याच दिवशी धुवा, पण प्रेशर वॉशर नको, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. चेन पूर्ण सुकली की प्रत्येक रोलरवर एकेक थेंब ल्यूब (चेनचं तेल), थोडं थांबून बाहेरचं कोरड्या फडक्याने पुसून काढा, नाहीतर धूळ चिकटून पॉलिश पेपरच तयार होतो.