आधी पुरावा, मग ब्लॉक

समाजमाध्यमावर कोणी धमक्या किंवा अश्लील संदेश पाठवू लागले की ते सारे पुसून टाकावेसे वाटते. नेमके तेच करू नये. स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचे वापरकर्तानाव, तारीख आणि वेळ दिसेल असे पाहावे व प्रोफाइलची लिंकही वेगळी जपून ठेवावी, कारण तक्रार तपासणाऱ्याला नुसत्या चित्रापेक्षा तिचा अधिक उपयोग होतो. उत्तर देऊ नये. खरमरीत एक ओळसुद्धा समोरच्याला हवी तीच दाद असते. त्यानंतर तक्रार नोंदवावी आणि मगच ब्लॉक करावे.

खाते खासगी केले तरी जुने फॉलोअर तसेच राहतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ती यादी स्वतः चाळावी लागते, आणि हे काम कंटाळवाणे आहे. फोटो टाकण्यापूर्वी गळ्यातले ओळखपत्र, खिडकीबाहेरची पाटी, गाडीचा क्रमांक दिसत नाही ना, हे मोठे करून पाहावे. मूळ फाइल पाठवल्यास तिच्यात ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही असू शकतात, म्हणून कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी बंद ठेवावी. पासवर्ड बदलून द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी सोय, सुरू करावी आणि लॉग-इन असलेली अनोळखी उपकरणे काढून टाकावीत.

खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी आली तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढू शकते. २०२१ मध्ये सुरू झालेली ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सेवा प्रौढांच्या अशा छायाचित्राचा डिजिटल ठसा, म्हणजे ते ओळखण्यापुरता संकेतांक, त्यांच्याच उपकरणावर तयार करते आणि ते छायाचित्र ओळखून अडवता यावे म्हणून केवळ तो ठसा सहभागी समाजमाध्यम कंपन्यांना देते. छायाचित्र कोणालाही पाठवावे लागत नाही.