गावातल्या कामाला खरंच किती पैसे लागले? बोर्ड सोडा, एमबी मागा

समाजमंदिर, स्मशानशेड, पेव्हर ब्लॉक, कुठलंही सरकारी काम झालं की लोकं बोर्डावरचा आकडा बघून पारावर भांडत बसतात, पंधरा लाख कसले, पाच पण लागले नसतील म्हणून. त्या बोर्डावरून काहीच कळत नाही हो. कळतं ते अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर) आणि झालेल्या कामाची मापं लिहिलेली मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, या तीन कागदांवरून.

ई-टेंडर झालं असेल तर आधी महाटेंडर्स या राज्य सरकारच्या टेंडरच्या साइटवर कामाचं नाव टाकून शोधा. बाकी सगळं माहिती अधिकारात. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना भरा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्जात विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. आणि "एवढा खर्च का झाला" असं अजिबात लिहू नका, त्या 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाहीत आणि तुमचा महिना फुकट जातो. सरळ कागद मागा: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीची सगळी पानं, दिलेली बिलं, साक्षांकित प्रती. पानाला 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर 20 रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

एमबी हातात आली की घाबरू नका, इंजिनीअर नसलात तरी चालतं. प्रत्येक बाबीपुढे नग, लांबी, रुंदी, जाडी आणि गुणाकार, बस्स. टेप घेऊन जा आणि मोजा. आमच्याकडे पेव्हर ब्लॉकची नोंद होती 32 बाय 6 मीटर म्हणजे 192 चौरस मीटर, आम्ही तिघांनी टेप धरला तर भरलं 27.5 बाय 5.4, म्हणजे 148.5. कडेचा एक ब्लॉक सुटलेला होता, त्याला पट्टी लावली तर 60 मिमी, अंदाजपत्रकात 80. त्या दिवशी पारावर एकदम शांतता 😄

दर तपासायचा तर सार्वजनिक बांधकाम खात्याची, काम झालं त्या वर्षीची दरसूची (प्रत्येक बाबीच्या सरकारी दरांची यादी) काढा, चालू वर्षाची नको, बरेच जण इथेच फसतात. बाजारभावाशी पण डायरेक्ट तुलना करू नका, सरकारी दरात मजुरी, वाहतूक, ठेकेदाराचा नफा आणि वरून जीएसटी असतो, थोडा फरक म्हणजे लगेच चोरी नाही. माझं म्हणणं, दरापेक्षा परिमाण, म्हणजे काम किती मापाचं दाखवलंय ते बघा, पैसे जास्त तिथेच जिरतात. आणि "जादा बाबी" असं पान दिसलं की दोनदा वाचा, त्याची मंजुरी कोणी आणि कधी दिली ते तारखेसकट मागा, काम झाल्यावरची तारीख असेल तर समजून जा.

जमिनीखालचं, म्हणजे पाया, मुरूम, पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट), नंतर मोजता येत नाही, म्हणून खोदकाम चालू असतानाच तारखेचे फोटो काढून ठेवा. नमुना हवा असेल तर माहिती अधिकाराच्या कलम 2 मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुना दोन्ही बसतं, तसं अर्जात लिहा.

फरक सापडला तर तक्रार लेखीच, एमबीचा पान नंबर आणि तुमचं माप शेजारी शेजारी लिहून, पोच घेऊन, आणि जमलं तर अंतिम बिल निघायच्या आत, कारण एकदा बिल निघालं की वसुलीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.