नकाशावरचा थॉर कसा ओळखावा

आधीच सांगते, आपल्या 'थोर'शी याचा काही संबंध नाही. थॉर हा उत्तर युरोपातल्या लोकांचा जुना देव, हातात हातोडा घेऊन वीज टाकणारा. त्याच्या नावाचा अर्थच गडगडाट. इंग्रजी 'थंडर', जर्मन 'डोनर' ही त्याचीच भावंडं.

सुरुवात वारापासून करा. स्वीडिश लोक गुरुवारला 'तोर्सदाग' म्हणतात, थॉरचा दिवस. रोमनांकडे हा वार जुपिटरचा होता; उत्तरेकडच्यांनी त्याच्या जागी आपला वीज टाकणारा देव बसवला. या शब्दातला मधला 'स' नीट बघून ठेवा. तो आपला 'चा-ची-चे' आहे, आणि गावं शोधताना तोच कामाला येतो. फेरो बेटांची राजधानी तोर्सहाव्न म्हणजे थॉरचं बंदर. स्वीडनमधलं तोर्सोकर, थॉरचं शेत. माणसांच्या नावांत मात्र हा 'स' फसवतो. 'तोर्स्तेन'मधला 'स' पुढच्या 'स्तेन'चा, म्हणजे दगडाचा.

इंग्लंडमध्ये जास्त जपून. मी पहिल्यांदा लिंकनशरचा नकाशा घेऊन बसले आणि दिसेल त्या 'थॉर्प'वर लाल पेन्सिलीने हातोडा काढत सुटले. स्कन्थॉर्प, क्लीथॉर्प्स, सगळी. अख्खा परगणा थॉरभक्त निघाला म्हणून खूश! मग कळलं, थॉर्प म्हणजे नुसती वाडी. खोडरबर झिजला. 'थॉर्नटन'ही सोडा, ते काट्यांचं गाव. इंग्लंडच्या दक्षिणेत वसलेले सॅक्सन लोक या देवाला थुनोर म्हणत, म्हणून तिथे खरा माल दक्षिणेत सापडतो: एसेक्सचं थंडर्सली, सरेचं थर्सली. दोन्ही थुनोरच्या राया.

चुकलात तर वाईट वाटून घेऊ नका. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने 1815 मध्ये नवं मूलद्रव्य सापडलं समजून त्याला थॉरचं नाव दिलं. पुढे ते इट्रियम या आधीच माहीत असलेल्या मूलद्रव्याचं फॉस्फेट निघालं. पठ्ठ्याने नाव जपून ठेवलं आणि 1829 मध्ये नॉर्वेतल्या एका काळ्या खनिजात खरंच नवं काही मिळालं, तेव्हा तेच चिकटवलं. तेच थोरियम, अणुक्रमांक 90.

शेवटी, जिथे थॉरचं नावच नाही तिथेही कान द्या. डॅनिश लोक गडगडाटाला 'तोर्डन' म्हणतात, म्हणजे थॉरचा आवाज, हे सोपं. स्वीडिशमध्ये मात्र 'ओस्का'. जुना अर्थ, देवाची गाडी चालली. कोणत्या देवाची, ते म्हणायची गरजच नव्हती. दोन बोकड जुंपलेली गाडी एकट्या थॉरकडेच होती.